अति तेथे माती : इंजिन ऑइलची पातळी आणि फवारणी यंत्रांची निगा

पीक संरक्षणाच्या शिफारशीत आम्ही चार गोष्टी आवर्जून लिहितो : औषधाचे नाव, त्याची मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि फवारणीची वेळ. पाचवी गोष्ट मात्र गृहीत धरली जाते. ती म्हणजे ठरलेल्या वेळी फवारणी यंत्राचे इंजिन सुरू होणे आणि काम संपेपर्यंत चालू राहणे. ही पाचवी गोष्ट चुकली, तर आधीच्या चारही अचूक असून उपयोग होत नाही. इंजिन बंद पडण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी एकाकडे फारसे लक्ष जात नाही. ऑइल कमी पडल्याने इंजिन ‘जाम’ होते हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. ऑइल जास्त झाल्यानेही इंजिन निकामी होऊ शकते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. मलाही ते माहीत नव्हते. ते कसे कळले, तेथूनच सुरुवात करतो.

सीतापुऱ्यातील धडा

जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंक मार्गावर सांगानेरच्या पुढे सीतापुरा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. तेथील प्रदर्शन व संमेलन केंद्रात नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘ग्लोबल राजस्थान ॲग्रिटेक मीट’ हा कृषिमेळावा भरला होता. तो पाहण्यासाठी मी जयपूरला मावसभावाकडे उतरलो होतो आणि त्याची जुनी डिझेल मोटार घेऊन सकाळी सीतापुऱ्याकडे निघालो. वाटेत चहासाठी थांबलो असता, दुसऱ्याची गाडी आहे, काळजी घ्यावी, या सद्हेतूने बॉनेट उघडून ऑइल पाहिले. इंजिन नुकतेच बंद केलेले होते आणि गाडीचे पुढचे चाक रस्त्याकडेच्या उंचवट्यावर होते. पट्टीवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली दिसले. डिकीत ऑइलचा एक लिटरचा डबा होता. अर्धा ओतला, मग थोडे जास्त असलेले बरे, असे म्हणून उरलेलाही रिता केला.

सीतापुरा येईपर्यंत इंजिनाचा आवाज बदलला होता. मागून निळसर धूर येऊ लागला आणि गाडीत जळक्या ऑइलचा वास भरला. वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या एका मिस्त्रीने गाडी सपाट जागेवर लावून घेतली, इंजिन बंद केले आणि मला दहा मिनिटे नुसते बसविले. मग पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून दाखविली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर चढलेले होते. त्याने खालचा नट सैल करून जवळजवळ एक लिटर ऑइल एका डब्यात काढले. म्हणजे मी ओतलेले सगळेच परत बाहेर आले. मुळात ऑइल कमी नव्हतेच. ‘साहब, नापा ठीक होता तो डालना ही नहीं पड़ता,’ एवढेच तो म्हणाला.

त्या दिवशी मेळाव्यात एका शेतकऱ्याशी बोलताना ‘दुप्पट औषध घातले म्हणून दुप्पट कीड मरत नाही’ हे माझे नेहमीचे वाक्य ओठांवर आले आणि तेथेच अडखळले. मात्रेचा जो नियम मी वीस वर्षे इतरांना सांगत होतो, तोच मी सकाळी मोडला होता. कारणही तेच होते : मोजण्यात चूक, आणि ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा समज.

जास्त ऑइलने नेमके काय होते?

इंजिनाच्या तळाशी ऑइल साठविण्याचे जे भांडे असते, त्यास आपल्याकडील गॅरेजमध्ये ‘चेंबर’ म्हणतात. चेंबरच्या वर क्रँकशाफ्ट फिरत असतो. ऑइलची पातळी योग्य असेल, तेव्हा फिरणारा क्रँकशाफ्ट आणि चेंबरमधील ऑइल यांमध्ये मोकळी जागा राहते. पंप तळातून ऑइल ओढतो, ते गाळणीतून पुढे जाऊन बेअरिंग, पिस्टन व वरच्या झडपांपर्यंत पोहोचते आणि पुन्हा चेंबरमध्ये ओघळते.

पातळी फार वाढली की क्रँकशाफ्टची वजने व कनेक्टिंग रॉडची टोके ऑइलमध्ये बुडू लागतात. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० फेरे. या वेगाने एखादी वस्तू ऑइलवर आपटत राहिली, तर रवीने ताक घुसळावे तसे ऑइल घुसळले जाते व त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो. येथून पुढचे नुकसान तीन मार्गांनी होते.

पहिला मार्ग वंगणाच्या अभावाचा. ऑइल दाबाखाली सहज आकसत नाही, म्हणूनच बेअरिंगमधील पातळ थर क्रँकशाफ्टचे ओझे पेलू शकतो. हवा मात्र दाबताच आकसते. फेसाळलेले ऑइल पंपात गेले की दाब अस्थिर होतो, बेअरिंगला पुरेसा थर मिळत नाही आणि धातूवर धातू घासू लागतो. ऑइल भरपूर असूनही इंजिन वंगणाविना चालते. ज्यांत ऑइलच्या दाबावर चालणारे टॅपेट असतात, त्या इंजिनांतून अशा वेळी टकटक आवाज येतो.

दुसरा मार्ग गळतीचा. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा जळका वायू नेहमीच खाली उतरतो. तो साचून दाब वाढू नये यासाठी इंजिनास ‘ब्रीदर’ म्हणजे श्वासनळी दिलेली असते. ऑइल घुसळले गेले की त्याचा दाट तुषार ब्रीदरच्या वाटेने बाहेर पडू लागतो, तेथील जाळी ऑइलने भरते व आतला दाब वाढतो. हा दाब सर्वांत दुबळी जागा शोधतो. ती बहुधा एखादे ऑइल सील किंवा झाकणाचे पॅकिंग असते.

तिसरा मार्ग ज्वलनाचा. बहुतेक इंजिनांत ब्रीदरची नळी पुन्हा हवा आत घेण्याच्या वाटेला जोडलेली असते. त्यामुळे ऑइलचा तुषार सिलिंडरमध्ये जाऊन जळतो. निळसर धूर हे त्याचे लक्षण. पेट्रोल इंजिनात प्लगवर काजळी धरते. नव्या मोटारींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या महागड्या भागावर ऑइलमधील फॉस्फरस व जस्तयुक्त घटकांचे थर बसून त्याची क्षमता घटते.

कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. खवले कीड वा पिठ्या ढेकूण यांवर आपण शुद्ध खनिज तेलाचा विरळ फवारा देतो, तेव्हा तेलाचा थर किडीच्या श्वासरंध्रांवर बसून ती गुदमरते. तेच तेल प्रमाणाबाहेर झाले, तर पानाची पर्णरंध्रेही बुजतात व पान करपते. तेल तेच असते; थर किती जाड, यावर औषध की अपाय हे ठरते. इंजिनाचा ब्रीदर ऑइलने बुजतो, तेव्हा काहीसा असाच प्रकार घडतो.

डिझेल इंजिन बेफाम होण्याचा धोका

वरील नुकसान बहुधा पैशांत मोजता येते. डिझेल इंजिनात मात्र जिवावर बेतणारा एक धोका संभवतो. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. ब्रीदरमार्गे पुरेसे ऑइल आत जाऊ लागले, तर इंजिन त्या ऑइलवरच चालू लागते. ऑइल हेच इंधन झाल्याने चावी बंद केली वा ट्रॅक्टरचा स्टॉपचा दांडा ओढला, तरी ते थांबत नाही, कारण या दोन्ही उपायांनी केवळ डिझेल बंद होते. इंजिनाचा वेग वाढत जातो, धुराचे लोट निघतात आणि अखेरीस आतील भाग तुटून बाहेर फेकले जाऊ शकतात. हा प्रकार क्वचित घडतो व तो प्रामुख्याने झिजलेल्या इंजिनांत संभवतो. परंतु जुन्या ट्रॅक्टरांची संख्या लक्षात घेता त्याची माहिती असणे आवश्यक आहे.

जुन्या ट्रॅक्टरांत याची आणखी एक वाट असते. त्यांच्या एअर क्लीनरच्या तळाशी ऑइलची वाटी असते व हवा त्या ऑइलवरून गाळली जाते. या वाटीतही पातळीची खूण असते. धुळीच्या दिवसांत ‘हवा चांगली गाळली जावी’ म्हणून वाटी काठोकाठ भरली, तर ते ऑइल थेट इंजिनात ओढले जाते.

असा प्रसंग ओढवल्यास इंजिनाची हवा तोडणे हा खरा उपाय होय. हवेच्या नळीच्या तोंडावर जाड सपाट फळी घट्ट दाबून धरावी. हात किंवा सैल कापड कधीही लावू नये. ओढ इतकी प्रबळ असते की हातास इजा होते व कापड आत जाते. नळीचे तोंड सहज हाती लागत नसेल, तर सर्वांनी ताबडतोब दूर व्हावे. ट्रॅक्टर पुन्हा मिळेल, माणूस मिळणार नाही.

फवारणी यंत्रांतील लहान इंजिने

मोटार व ट्रॅक्टर यांपेक्षाही ही चूक सहज घडते ती पाठीवरच्या पेट्रोल पंपात. आपल्याकडील अनेक फोर-स्ट्रोक पंपांवर होंडाची जीएक्स २५ व जीएक्स ३५ ही इंजिने असतात. त्यांत अनुक्रमे सुमारे ८० व १०० मिली इतकेच ऑइल मावते. म्हणजे चहाच्या कपापेक्षाही कमी. १०० मिलीच्या इंजिनात २५ मिली जास्त ओतणे म्हणजे साडेतीन लिटरच्या मोटारीत पाऊण लिटरहून अधिक जास्त ओतण्यासारखे आहे. तेथे ‘अंदाजे’ या शब्दास जागाच नाही. जास्त ऑइल झाल्यावर असा पंप धूर सोडतो, एअर फिल्टरचा स्पंज ऑइलने माखतो, पंप सुरू होण्यास त्रास देतो आणि मध्येच बंद पडतो. पुष्कळदा दोष कार्ब्युरेटरचा समजून तो खोलला जातो, मूळ कारण मात्र तसेच राहते.

टू-स्ट्रोक पंपात चेंबरमध्ये ऑइल नसतेच. ते पेट्रोलमध्ये मिसळावे लागते. २५ : १ प्रमाण सांगितले असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली, आणि ५० : १ असेल तर २० मिली ऑइल येते. ‘झाकणभर जास्त’ घातल्यास प्लग काळा पडतो व धुराड्याच्या वाटेत काजळी साचते. फवारणी करणारा तोच धूर तासन्तास श्वासात घेतो, ही त्याहून गंभीर बाब आहे. औषध मोजण्याचे मापपात्र आपण बाळगतोच. ऑइलसाठी दुसरे, निराळे मापपात्र ठेवावे. दोन्हींसाठी एकच वापरू नये.

एचटीपी पंपात इंजिनाखेरीज पंपाच्या पेटीतही स्वतंत्र ऑइल असते व त्याची पातळी काचेच्या खिडकीतून दिसते. ती खिडकीच्या मध्यावरील खुणेशी असावी. खिडकी पूर्ण भरलेली दिसणे हे सुस्थितीचे लक्षण नव्हे. येथे जादा ऑइल सीलमधून गळते, आणि गळलेले ऑइल द्रावणात किंवा पिकावर पडण्याची शक्यता असते. इंजिन ऑइल म्हणजे बागायतीसाठी शुद्ध केलेले खनिज तेल नव्हे. ते पानांना अपायकारक आहे. द्राक्षासारख्या पिकात गंधकाच्या फवारणीच्या मागेपुढे कोणतेही तेल पानावर येणे विशेष धोक्याचे असते.

न ओतता वाढणारी पातळी

कधी कधी कोणी ऑइल ओतलेले नसते, तरीही पातळी वर चढते. हा इशारा समजावा, कारण इंजिन स्वतः ऑइल निर्माण करीत नाही. पातळी वाढली व ऑइल ताकासारखे पांढुरके झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. रेडिएटरचे पाणी हेड गॅसकेटमधून उतरत असावे, आणि एचटीपीच्या पेटीत असेल तर पंपाची सील गेली असावीत. ऑइल पातळ झाले व त्यास डिझेलचा वास येत असेल, तर फ्युएल पंप वा इंजेक्टर तपासावा.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर आला. त्यातील काजळी जाळण्यासाठी काही इंजिनांत जादा डिझेल फवारले जाते व त्याचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो. गाडी सतत थोड्या अंतरासाठी वापरली, तर हे प्रमाण वाढते. जपानच्या मझदा कंपनीने आपल्या स्कायॲक्टिव्ह-डी या डिझेल इंजिनांच्या पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर ‘एक्स’ अशी खूण दिली आहे. ऑइल त्या खुणेपर्यंत चढले की ते बदलावे, असा तिचा अर्थ. वाढलेली पातळी ही बिघाडाची खूण असू शकते, हे निर्मात्यांनीच मान्य केल्याचे हे उदाहरण होय.

अचूक मोजमाप कसे करावे?

१. यंत्र सपाट जागेवर उभे करावे. बांधावर वा उतारावर घेतलेले माप ग्राह्य धरू नये.

२. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी मोजणे सर्वांत सोयीचे. चालू इंजिन बंद केले असल्यास, वर चढलेले ऑइल चेंबरमध्ये उतरण्यासाठी ५ ते १० मिनिटे थांबावे. माझी मुख्य चूक हीच होती. पुस्तिकेत निराळी पद्धत दिली असल्यास ती पाळावी.

३. पट्टी काढून स्वच्छ कापडाने पुसावी, पूर्ण आत घालावी व पुन्हा काढून वाचावी. पहिल्या वेळचे वाचन धरू नये. काही लहान इंजिनांत पट्टी आट्यांत न आवळता नुसती टेकवून मोजायची असते. पुस्तिकेत तसे दिलेले असते.

४. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल, तर काहीही ओतू नये. वरच्या खुणेपर्यंत भरलेच पाहिजे असा नियम नाही.

५. कमी असल्यास थोडे थोडे ओतावे, काही मिनिटे थांबावे व पुन्हा मोजावे. अनेक मोटारींत दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लिटरचे असते. म्हणून संपूर्ण डबा एकदम रिता करू नये.

६. ऑइल बदलताना जुने ऑइल गरम असताना व पूर्ण निथळू द्यावे. अर्धवट निथळलेल्या इंजिनात पुस्तिकेतील पूर्ण मात्रा ओतल्यास ती जास्तच होणार.

७. यंत्रासोबत एक लहान वही ठेवून ऑइल कोणी, कधी व किती ओतले हे लिहावे. मालकाने सकाळी व चालकाने दुपारी ओतणे, असे प्रकार त्यामुळे टळतात.

जास्त झालेच तर?

पातळी वरच्या खुणेच्या केसभर वर असल्यास घाबरण्याचे कारण नाही. बोटभर वर असल्यास मात्र इंजिन सुरू करू नये. खालचा नट सैल करून थोडे थोडे ऑइल काढावे व प्रत्येक वेळी मोजावे. नट काढणे अवघड असल्यास पट्टीच्या नळीतून बारीक नळी घालून पिचकारीने ओढता येते. पाठीवरच्या पंपासाठी मोठी सिरिंज व सलाईनच्या नळीचा तुकडा पुरतो. लहान कीटक गोळा करण्यासाठी आम्ही तोंडाने ओढण्याची नळी वापरतो. तो प्रयोग येथे कोणी करू नये. ऑइल तोंडात वा फुप्फुसात जाणे घातक आहे. जादा ऑइलवर इंजिन बराच वेळ चालले असेल, तर एअर फिल्टर, ब्रीदर व सील तपासून घ्यावीत.

काढलेले ऑइल वापरलेले असल्यास जमिनीवर, ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. वाळवीसाठी झाडाच्या बुंध्याला जळके ऑइल लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्यातील धातूंचे कण व विषारी घटक जमिनीत जातात. वाळवीवर याहून सुरक्षित व परिणामकारक उपाय उपलब्ध आहेत.

वेळेचे मोल

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण २०२० च्या मे महिन्यात पुन्हा जाणवले. २५ मे रोजी वाळवंटी टोळांचे थवे जयपूर शहरावरून गेले. त्याच आठवड्यात ते मध्य प्रदेशमार्गे अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत उतरले. टोळ दिवसा उडतात व सायंकाळी झाडांवर, पिकांवर विसावतात. सकाळी ऊन तापले की थवा पुन्हा उठतो आणि वाऱ्याच्या साथीने दिवसभरात १०० किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकतो. म्हणजे नियंत्रणासाठी हाती असते ती रात्र आणि पहाट. त्या काही तासांत ट्रॅक्टरवरील फवारणी यंत्र बंद पडले, तर दुरुस्ती होईपर्यंत थवा दुसऱ्या तालुक्यात पोहोचलेला असतो.

टोळ क्वचित येतात; पण बोंडअळी, तुडतुडे, भुरी व लष्करी अळी दरवर्षी येतात आणि त्यांच्या फवारणीची वेळही दोन-चार दिवसांचीच असते. त्यातच पावसाची उघडीप एका सकाळपुरती मिळते. अशा सकाळी पंप धूर ओकीत बंद पडणे, हे नुकसान ऑइलच्या किमतीत मोजता येणारे नाही.

म्हणून हंगामापूर्वी एक दिवस यंत्रासाठी राखून ठेवावा. नोझल तपासावे, गळती पाहावी, आणि ऑइल मोजावे. ओतण्याआधी मोजावे व ओतल्यावर पुन्हा मोजावे. शिफारस केलेली मात्रा ही किमान नसते, ती नेमकी असते. औषधाच्या बाबतीत हे आपण आता बऱ्याच अंशी स्वीकारले आहे. इंजिनाच्या बाबतीतही ते स्वीकारावे, एवढेच या लेखाद्वारे सुचवावयाचे आहे.